तेरा सत्ते एक्क्याण्णव

मी तेरा दातांचा पिनियन बोलतोय. पिनियन म्हणजे दातेचाकांच्या जोडीतलं धाकटं चाक. तुमच्या मुठीत मावेन एवढाच आहे मी, पण वजनाला भारी आणि स्वभावाला त्याहून भारी. आधीच सांगून ठेवतो, ही कहाणी गोड नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला. वाटेत माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगणार आहे. लपवाछपवी करायला मी काही मेहुणा नाही.

मेहुणा कोण, ते कळेलच. त्याची वेळ आल्यावर त्याला सोडणार नाही.

माझा जन्म दातेचाकं कापणाऱ्या एका कारखान्यात झाला. मला कापलं ते एका म्हाताऱ्या कारागिराने. तेव्हा तो काही म्हातारा नव्हता, पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बघायची सवय असल्यामुळे मला तो जन्मापासून म्हाताराच दिसला. पोलादाच्या सळईचा एक तुकडा, त्याला मधोमध भोक, भोवती तेरा दात. मग मला लालभडक होईपर्यंत तापवलं आणि तेलाच्या पिंपात बुडवलं. केवढा चरका बसला म्हणून सांगू! पण त्यानेच अंगाला कठीणपणा आला, आणि मनालाही.

या कारागिराची एक रीत होती. कुठलीही जोडी कापायच्या आधी तो भिंतीवर खडूने दोन्ही आकड्यांचे विभाजक लिहायचा. माझ्या वेळी लिहिलं, तेरा: एक, तेरा. संपलं. तेरा ही मूळ संख्या, तिला तिसरा विभाजकच नाही. माझं जोडीदार चाक नव्वद दातांचं व्हायचं होतं. त्याच्यापुढे मात्र लांबलचक यादी लागली: एक, दोन, तीन, पाच, सहा, नऊ, दहा, पंधरा, अठरा, तीस, पंचेचाळीस, नव्वद.

त्याची मुलगी तेव्हा नुकतीच तिथे कामाला लागली होती. तिने विचारलं, "बाबा, एवढी भिंत कशाला रंगवायची? कापून टाका की."

"अगं, दोघांत एकाशिवाय दुसरा सामाईक विभाजक असला, तर ठरावीक दाताला ठरावीकच दात भेटत राहतात," तो म्हणाला. "एखादा दात वाईट निघाला, तर तो त्याच चार-सहा जणांना आयुष्यभर छळत बसतो. सामाईक काही नसलं, की सगळे सगळ्यांना भेटतात. त्रास वाटला जातो."

"म्हणजे एकाच्याच डोक्यावर बसायचं नाही."

"हां. तुझ्या आईला सांग हे," तो म्हणाला आणि दोघं हसली.

मग मी आणि ते नव्वद दातांचं चाक एका साबणाच्या कारखान्यात गेलो. साबणाच्या वड्या कापणारं यंत्र होतं, त्याच्या पोटात आम्हाला बसवलं. बावीस वर्षं! बावीस वर्षांत माझा प्रत्येक दात त्या नव्वदांपैकी प्रत्येकाला भेटला, तोही आळीपाळीने. कोणी लाडका नाही, कोणी नावडता नाही. कारखाना एक बाई चालवायच्या, त्यांना सगळे मावशी म्हणायचे. मावशी रोज सकाळी यंत्राच्या झाकणावर दोन थापा मारायच्या आणि म्हणायच्या, "चला, उठा आता." माणसं किती विचित्र असतात! घरी नवऱ्याला कधी अशा प्रेमाने उठवलं असेल की नाही कोण जाणे.

बावीस वर्षांनी नव्वद दातांचं चाक झिजलं. सगळं सारखं झिजलं, एकही दात मागेपुढे नाही. मी कठीण, त्यामुळे मला काही झालं नव्हतं. नवं थोरलं चाक कापून त्याच्यासोबत मला पुन्हा बसवायचं ठरलं आणि आम्हाला दातेचाकांच्या कारखान्यात परत आणलं गेलं.

तिथे सगळं बदललं होतं. म्हाताऱ्याची नजर गेली होती, तो घरी बसला होता. त्याच्या मशीनवर आता मुलगी उभी राहत होती, आणि सगळा कारखाना तिला ताई म्हणत होता. वडिलांसारखाच चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कारखान्याचे मालक तेच होते, फक्त पोट वाढलेलं. आणि एक नवा माणूस आला होता. मालकांच्या बायकोचा भाऊ. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणायचे आणि पाठीमागे मेहुणा. त्याच्या शर्टाच्या खिशात चार पेनं असायची. लिहिताना मात्र तो दुसऱ्याचं मागायचा.

मेहुण्याने कुठेतरी वाचलं होतं की चाकाच्या दातांचा आकडा मूळ संख्या असला की झीज सारखी होते. वाचलं ते अर्धवट, पण हौस पूर्ण.

"दाजी, हे नव्वद कोणी ठरवलं होतं?" तो मालकांना म्हणाला. "नव्वदला दोनाने भाग जातो, तिनाने जातो, पाचाने जातो. जुन्या लोकांचं काम! आपण एक्क्याण्णव करू. बेअरिंग जरासं सरकवलं की बसेल. एक्क्याण्णव मूळ संख्या आहे."

"नक्की?"

"हे बघा. शेवटी एक आहे, म्हणजे दोनाने नाही, पाचाने नाही. नऊ आणि एक दहा, म्हणजे तिनाने नाही. झालं! आता आणखी कोण भागणार?"

सात भागणार होता ना! पण सातापर्यंत जायचा कंटाळा. माणूस दोन, तीन, पाच करून दमतो आणि उरलेलं सोडून देतो. खरं तर एक्क्याण्णवसाठी सातापर्यंतच जायचं होतं, त्यापुढे अकराचा वर्ग एकशे एकवीस, तो मोठाच होतो. म्हणजे या गृहस्थाने शेवटची एकच पायरी गाळली. मी बाकावर पडल्या पडल्या ओरडत होतो, पण माझं ओरडणं ऐकतं कोण?

ताईला त्याने नुसती चिठ्ठी पाठवली. दात एक्क्याण्णव, जाडी अमुक, भोक तमुक. ती चिठ्ठी घेऊन त्याच्या टेबलापाशी आली.

"साहेब, याच्या जोडीचं लहान चाक किती दातांचं आहे?"

"तुला काय करायचंय?"

"बाबा नेहमी दोन्ही आकडे..."

"बाबा घरी आहेत ना आता? त्यांना आराम करू दे. तू सांगितलंय तेवढं काप."

ती चिठ्ठी घेऊन मशीनकडे परत गेली. मी तिथून दहा पावलांवर, एका डब्यामागे होतो. जरा मान वळवली असती, तर तिने मला मोजलं असतं. बाकी काही म्हणा, त्या पोरीचं काम देखणं. थोरलं चाक असं कापलं की बघत राहावं. एक्क्याण्णव दात, एकसारखे, जणू एकाच आईची लेकरं.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. आम्हाला नेऊन बसवायचं काम मेहुण्याने स्वतःकडे घेतलं, कारण मावशींसमोर मिरवायचं होतं. निघायच्या आधी त्याने मला एका हातात उचललं, दुसऱ्या हातात फोन. फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अहो, सगळं मीच बघतो इथे." आणि सटकलो की मी! थेट फरशीवर, तेही दातावर. एका दाताचा कोपरा उडाला.

त्याने इकडेतिकडे बघितलं. सगळे जेवायला गेले होते. मालकांना सांगितलं असतं, तर ताईने दोन दिवसांत नवा पिनियन कापून दिला असता. पण मग कोणाच्या हातून पडला, हा प्रश्न आला असता. त्याने कानस घेतली. माझं कठीण अंग कानशीला दाद देईना. तेव्हा या महाभागाने मला ग्राइंडरवर धरलं! ठिणग्या उडाल्या, दात तापला, अंगावर निळा डाग पडला. उरलेला दात वाकडातिकडा, कडेला सुरीसारखी धार. वर त्याने ग्रीसचा हा एवढा थर थापला आणि शीळ घालत हात पुसले.

तेव्हाच मी ठरवलं. ज्याने माझा दात मोडला, त्याचं नाक कापलं गेल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. तुम्ही माणसं एखाद्यावर दात धरता. मी तेराचे तेरा धरले.

साबणाच्या कारखान्यात यंत्र सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं घडतंय. माझा मोडका दात थोरल्याच्या एका दाताला लागला. एक फेरा घेतला, तेराने पुढच्या दाताला लागला. असे सात फेरे झाले, आणि आठव्याला पुन्हा तोच पहिला दात! मला वाटलं चुकून झालं असेल. पण पुन्हा तेच सात, आणि पुन्हा तेच. नव्वदाच्या संगतीत नव्वद जणांत वाटला गेला असता, तो सगळा मार आता या सात जणांच्या वाट्याला येत होता.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला. एवढी धार नव्वद जणांत वाटली गेली असती, तर वर्षानुवर्षं कोणाला कळलंही नसतं. आता मात्र यंत्र लवकरच बसणार, मावशी खवळणार, मेहुण्याची नाचक्की होणार. मी मुद्दाम जोर लावून हाणत होतो. टक्. टक्. टक्. थोरलं बिचारं कळवळून विचारायचं, "माझं काय चुकलं?" मी पुढचा घाव घालायचो. रागाच्या भरात समोर कोण आहे ते दिसत नाही, हे मी माणसांत बघितलं होतं. स्वतःत बघितलं नव्हतं.

तीन महिन्यांत त्या सातांपैकी एक दात तुटला. यंत्र जागच्या जागी थांबलं, साबणाची लादी अर्धी कापलेली. मावशी दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांना घेऊन कारखान्यात हजर.

"बावीस वर्षं चाललं ते म्हाताऱ्याने केलेलं," त्या कडाडल्या. "आणि हे तीन महिने? कोणाचं काम आहे हे? आज मला नाव कळलं पाहिजे, नाहीतर इथे पुन्हा पाय ठेवणार नाही."

मालकांनी मेहुण्याकडे बघितलं. आता! आता याची दातखीळ बसणार, असं मला वाटलं. पण मेहुणा पुढे आला, थोरलं चाक वर धरलं आणि काय म्हणाला माहीत आहे?

"हे बघा, दाजी. सात दात खराब, बाकी चौऱ्याऐंशी ठणठणीत. लहान चाकात दोष असता, तर त्याचा वाईट दात सगळ्या एक्क्याण्णवांना लागला असता. मूळ संख्या आहे ना! सातच खराब आहेत, म्हणजे ते सात कापतानाच चुकलेत. मला बोलायचं नव्हतं, पण बाईमाणसाच्या हातात एवढं मशीन द्यायचं म्हणजे..."

माझ्या अंगातलं तेल सुकलं. मी सूड घ्यायला निघालो होतो त्याच्यावर, आणि घाव बसत होता तिच्या मानेवर! मी ज्या सात दातांना चावलो, तेच सात दात तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे केले होते.

मालकांनी मशीनपाशी हे सगळं ऐकत उभ्या असलेल्या ताईला पुढे बोलावलं. त्यांचा आवाज मऊ होता, पण मऊ आवाजातच माणसं वाईट बोलतात.

"बेटा, तुझ्या वडिलांना मी भावासारखं मानतो. पण काम बघून घ्यावं लागतं. उद्यापासून तू पॅकिंगला बस. मशीनचं पुढे बघू."

"काका, मशीन नका काढू," ती म्हणाली. "मी घरी काय सांगू? बाबा रोज संध्याकाळी विचारतात, आज किती दातांचं कापलंस? ते अजून बोटांवर विभाजक मोजतात. त्यांना मी काय सांगू, आज खोकी बांधली?"

"मग हे सात दात कसे खराब झाले, ते सांग."

तिने डोळे पुसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला आणि थोरलं चाक बाकावर ठेवलं. खराब दातांवरून बोट फिरवलं. मग तिची नजर बाजूला पडलेल्या माझ्यावर आली. बघ, मी म्हणत होतो, बघ की गं बाई माझ्याकडे! मोज मला!

तिने मला मोजलं. ओठ हलले. तेरा. आणि तिच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. ते हसू बघून मेहुण्याने खिशातलं पेन चाचपलं.

"साहेब," ती म्हणाली, "खडू घ्या. तो पहिला खराब दात, त्याला एक म्हणा. आणि पुढे मोजा. मोठ्याने."

"मी? मी कशाला?"

"मोजा ओ," मावशी म्हणाल्या. "तोंड तर मघापासून चालूच आहे तुमचं."

सगळा कारखाना भोवती गोळा झाला. मेहुणा मोजू लागला. दोन, तीन, चार. चौदाव्या दातावर दुसरी खूण. सत्ताविसाव्यावर तिसरी. त्याचा आवाज खाली येऊ लागला.

"मोठ्याने," मालक म्हणाले.

चाळीस. त्रेपन्न. सहासष्ट. एकोणऐंशी. सात खुणा झाल्या.

"दर तेराव्या दातावर," ताई म्हणाली. "पुढचा आकडा एकोणऐंशी आणि तेरा, ब्याण्णव. चाकाला दात एक्क्याण्णव. बोट कुठे जातंय बघा."

मेहुण्याचं बोट फिरलं. ऐंशी, एक्क्याऐंशी, पुढे, पुढे, नव्वद, एक्क्याण्णव... आणि ब्याण्णव म्हणताना ते बरोबर पहिल्या खुणेवर येऊन थांबलं.

"तेरा सत्ते एक्क्याण्णव," ताई म्हणाली. "मूळ संख्या कुठली, साहेब? मला तर कापतानाच माहीत होतं. मशीनला पस्तिसाचं आणि पासष्टाचं चाक लावून कापलंय मी हे. जितके दात कापायचे, त्याच्या विभाजकांच्या पटीतली चाकं मशीनला जोडावी लागतात: एक सातच्या पटीतलं, एक तेराच्या पटीतलं. मूळ संख्या असती, तर मशीनला एक्क्याण्णवाचंच चाक लावावं लागलं असतं, आणि ते आपल्याकडे नाही. फक्त जोडीला तेरा आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस?" मालक म्हणाले.

"चिठ्ठी घेऊन गेले होते. बाबांना आराम करू दे म्हणाले."

मालकांनी मेहुण्याकडे अशी नजर टाकली की मला माझं तेलाचं पिंप आठवलं. मग ताईने रॉकेलचा बोळा घेतला आणि माझे दात एकेक पुसत गेली. पाचव्या दातावरचं ग्रीस निघालं. खाली निळा डाग.

"काका, हा एकच दात घासलेला आहे. ग्राइंडरवर. मावशी, तुमच्याकडे ग्राइंडर आहे?"

"आमच्याकडे साबण आहे," मावशी म्हणाल्या. "आणि आणून बसवला तो याच गृहस्थांनी. मला हातसुद्धा लावू दिला नाही. फार नाजूक काम आहे म्हणाले."

काय तो क्षण होता! मेहुणा एक पाऊल मागे सरकला. "दाजी, ते जरासं... मी म्हटलं उगाच कशाला तुम्हाला..." सगळ्या कारखान्यासमोर त्याचं नाक कापलं गेलं, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने आकडे मोजून कापून घेतलं. मला टाळ्या वाजवायला हात असते, तर मी हात दुखेपर्यंत वाजवल्या असत्या.

"माफी माग तिची," मालक म्हणाले.

"मला माफी नको," ताई म्हणाली. "यापुढे माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर जोडीचे दोन्ही आकडे पाहिजेत. आणि खाली सही. तेवढं पुरे."

मशीन तिचंच राहिलं. मावशींसाठी तिने नवी जोडी कापली, तेरा आणि नव्वद. कापायच्या आधी दोन्ही आकड्यांचे विभाजक भिंतीवर लिहिले आणि फोन करून वडिलांना वाचून दाखवले. पलीकडून म्हातारा म्हणाला, "पंचेचाळीस विसरलीस." ती खरंच विसरली होती. मालकांनी मेहुण्याला काढलं नाही, बायकोचा भाऊ आहे शेवटी. पण पॅकिंगला बसवलं.

आता माझं म्हणाल, तर मी भंगाराच्या खोक्यात आहे. शेजारी थोरलं आहे, सात दात फुटलेलं. उद्या दोघं भट्टीत जाणार. काल मी त्याला म्हटलं, "माफ कर. मी रागात होतो. राग तुझ्यावर नव्हता."

ते म्हणालं, "मला काय सांगतोस? त्या सातांना सांग. बाकीच्या चौऱ्याऐंशींना तुझा तो दात कधी भेटलाच नाही."

मग मी त्या सातांची एकेकाची माफी मागितली. सहांनी दिली. सातवा तुटून पडला होता, तो खोक्यात नव्हताच. त्याच्याकडून माफी मिळणार नाही, आणि ते माझ्या मनाला लागलंय. तुम्हाला कधी कोणाचा राग आला, तर हाणायच्या आधी समोर कोण आहे ते एकदा बघा. एवढंच माझं मागणं आहे.

आज मेहुणा खोक्यावर झाकण ठोकायला आलाय. बाहेर त्याचं पुटपुटणं चालू आहे, आणि एक खिळा दोनदा वाकडा गेलाय. तुम्हाला वाटेल, मी त्यालाही माफ करीन. छे! भट्टीतून निघाल्यावर माझं काय होईल सांगता येत नाही. कुलूप होईल, विळी होईल, कुणाच्या दाराची कडी होईल. मला विचारलं, तर मी एकच सांगीन, मला खिळा करा. लहानसाच करा, बोथट नको. आणि ठोका याच्या चपलेत, आतल्या बाजूने.